चालता गळ

नाव संथ चालते आणि तिच्यामागे दोरीच्या टोकाला गळ पाण्यातून ओढला जातो, अशा मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात. काठावर बसून टाकलेला गळ माशाची वाट पाहतो. चालता गळ माशाला शोधत जातो. ट्रॉलरने समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढण्याशी या पद्धतीचा काही संबंध नाही. इथे एका दोरीला एक-दोन आमिषे आणि एका आमिषाला एक मासा. समुद्रात सुरमईसारख्या वेगवान माशासाठी अशी दोरी नावेमागे सोडतात. गोड्या पाण्यात मात्र या पद्धतीचा फार बारीक अभ्यास झाला तो अमेरिकेत, क्रॅपी नावाच्या वीतभर माशापायी. त्यातून जे हाती आले ते त्या एका माशापुरते राहिलेले नाही. साठलेल्या पाण्यात मासा कोणत्या खोलीवर उभा असतो आणि त्याच्यापर्यंत कोणत्या चालीने पोहोचायचे, याची ती विद्या आहे. चाळीसगाव परिसरात बारमाही पाणी म्हणजे बहुतांशी साठवलेलेच पाणी, म्हणून ही विद्या इथे समजून घेण्याजोगी आहे.

गिरणा नदी नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावते आणि मोसम, आरम, पांझण, मन्याड, तितूर यांचे पाणी घेत जळगाव जिल्ह्यातून तापीला मिळते. चाळीसगावच्या पश्चिमेला, नांदगाव तालुक्यात, पांझण गावाजवळ तिच्यावर 1969 साली गिरणा धरण पूर्ण झाले. धरण सुमारे 54 मीटर उंच आहे आणि त्याची एकूण साठवण सुमारे 61 कोटी घनमीटर आहे. ते दरवर्षी भरत नाही. पाऊस मनापासून झाला तरच सांडव्यावर पाणी येते. धरणातून आवर्तन सुटले की पाणी नदीपात्रातून चाळीसगाव तालुक्यातल्या जामदा बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून कालव्यांनी शेताशिवाराकडे वळते. जामद्याचे काम एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे धरणापेक्षा बरेच जुने. तालुक्यात मन्याडचे धरण आहे, शिवाय लहानमोठे पाझर तलाव आहेत. चाळीसगाव शहर ज्या तितूर आणि डोंगरी नद्यांवर वसले आहे, त्या मात्र पावसाळा सरला की आटत जातात. उन्हाळ्यात मासा उरतो तो डोहात आणि धरणात.

धरणाचे पाणी वरून सपाट दिसते, पण त्याच्याखाली सगळा जुना मुलूख बुडालेला असतो. नदीचे मूळ पात्र, त्याला मिळणारे नाले, शेतांचे बांध, विहिरींचे काठ, बाभळीची खोडे, गाडरस्ते हे सगळे पाण्याखाली जागच्या जागी असते. मासा या जुन्या भूगोलाला धरून राहतो. जिथे उथळ जमीन एकदम खोल पात्रात उतरते त्या कडेवर तो सापडतो, कारण तिथून वर चरायला जाता येते आणि संकट दिसले की खाली उतरता येते. गिरणेसारख्या धरणात आणखी एक गोष्ट घडते. हिवाळा संपता संपता पाणी मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी पीक घेतात. या गाळपेर जमिनीवर टरबूज, डांगर, भाजीपाला, जनावरांसाठी चारा निघतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा चढते तेव्हा त्या शेतांतली मुळे, वेल आणि धसकटे पाण्याखाली कुजू लागतात. त्यावर शेवाळ धरते, शेवाळावर किडे आणि झिंगे येतात, झिंग्यांमागे लहान मासे येतात आणि त्यांच्यामागे मोठे. उन्हाळ्यात ज्याने ती जमीन पायाखाली घातली आहे, त्याला हिवाळ्यात त्याच जागी पाण्याखाली काय आहे हे यंत्राविना सांगता येते. चालत्या गळाची पहिली तयारी म्हणून मे महिन्यात कोरड्या पडलेल्या काठावर फिरून करायची असते.

आता क्रॅपी. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. त्याच्या दोन जाती आहेत: पांढरा क्रॅपी, म्हणजे पोमोक्सिस अ‍ॅन्युलॅरिस, आणि काळा क्रॅपी, म्हणजे पोमोक्सिस नायग्रोमॅक्युलॅटस. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, रंग चंदेरी, त्यावर काळसर पट्टे किंवा ठिपके, डोळे मोठे. सर्वसाधारण मासा 20 ते 30 सेंटिमीटर लांब आणि पाव ते अर्धा किलो वजनाचा असतो. मिसिसिपी राज्यातल्या एनिड धरणाच्या जलाशयात 1957 साली सुमारे 2.35 किलोचा पांढरा क्रॅपी गळाला लागला आणि तो विक्रम म्हणून नोंदवला गेला. यावरून हा मासा किती लहान ते कळते. इतक्या लहान माशासाठी एवढी मोठी विद्या उभी राहिली, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. वसंतात पाणी साधारण 16 ते 20 अंश सेल्सिअसवर आले की तो उथळ पाण्यात येऊन अंडी घालतो. त्या काही आठवड्यांत तो काठावरूनही मिळतो. उरलेले सगळे वर्ष मात्र तो उघड्या पाण्यात, तळही न धरता आणि पृष्ठभागावरही न येता, मधल्याच कुठल्या तरी थरात थव्याने लटकून राहतो. काठावरून टाकलेला गळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून नाव चालवत पाणी पिंजून काढावे लागते.

मासा मधल्या थरात का राहतो, याचे उत्तर ऊन आणि प्राणवायू यांत आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसात. उन्हाळ्यात खोल तलावात वरचे पाणी तापून हलके होते आणि वरच राहते, खालचे थंड पाणी खालीच अडकते. खालच्या थरात कुजणारा पाला प्राणवायू खाऊन टाकतो आणि वरून नवा येत नाही. वर उष्णता जास्त, खाली श्वास अपुरा. मग मासा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात गोळा होतो. आपल्याकडच्या धरणांत हे थर अमेरिकेतल्या खोल तलावांइतके पक्के बसत नाहीत, कारण वारा पाणी ढवळतो आणि आवर्तनाचे पाणी खालच्या दरवाजातून निघून जाते. तरीही चैत्र-वैशाखात, निवांत आठवड्यांत, वरचे आणि खालचे पाणी एकसारखे नसते. पहाटे जाळे काढणाऱ्यांना ते जाळ्यावरूनच कळते. जाळ्याच्या कोणत्या उंचीवर मासे अडकले, वरच्या दोरीजवळ की शिशाजवळ, हे पाहिले की त्या रात्री मासा कोणत्या थरात हिंडत होता याचा हिशेब मांडता येतो.

चालत्या गळाचे सगळे गणित चार गोष्टींवर उभे आहे: वजन, लांबी, जाडी आणि गती. वजन वाढवले की आमिष खोल जाते. मागे सोडलेल्या दोरीची लांबी वाढवली की तेही खोल जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे दोरीलाच पाणी इतके अडते की खोली वाढेनाशी होते. दोरी म्हणून वापरलेला तंगूस जाड असला तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि आमिष वर उचलले जाते. बारीक तंगुसाने तेच वजन खोल उतरते. आणि नाव वेगात गेली की शिशाचे आमिष वर येते, हळू झाली की खाली बसते. या चार गोष्टींपैकी पहिल्या तीन काठावरच ठरवता येतात. पाण्यात उतरल्यावर हातात उरते ती गती. म्हणून ट्रोलिंगमधले कसब म्हणजे बहुतांशी गती सांभाळण्याचे कसब.

ही गती किती कमी असते, याची कल्पना नवख्या माणसाला नसते. क्रॅपीसाठी नाव बहुतेक वेळा तासाला अर्धा ते दोन किलोमीटर चालवतात. माणूस रमतगमत चालला तरी तासाला चार किलोमीटर जातो, म्हणजे नाव त्याच्या निम्म्या वेगाने किंवा त्याहून हळू चालली पाहिजे. गती मोजायला आज उपग्रहाशी जोडलेली यंत्रे आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. पाच मीटर लांबीच्या नावेच्या नाळेपाशी वाळलेले पान पाण्यात टाकावे आणि ते मागच्या टोकाशी येईपर्यंत आकडे मोजावेत. 12 सेकंद लागले तर नाव तासाला दीड किलोमीटरने चालली आहे. 18 लागले तर एक किलोमीटरने. या मोजणीत एक फायदाही आहे. यंत्र जमिनीच्या हिशेबाने गती सांगते, पान पाण्याच्या हिशेबाने सांगते, आणि माशाच्या दृष्टीने आमिष पाण्यातून किती वेगाने जाते एवढ्यालाच अर्थ असतो.

खोली ओळखण्याचीही साधी युक्ती आहे. वजन जड असेल आणि दोरी आखूड असेल तर ती जवळजवळ सरळ रेषेत ताणलेली राहते. पाण्यातली दोरी सहा मीटर असेल आणि ती खडी उतरली असेल तर आमिष सहा मीटरवर आहे. तीच दोरी 45 अंशांनी मागे कलली तर आमिष साधारण सव्वाचार मीटरवर येते. आणखी कलून पृष्ठभागाशी 30 अंशांचा कोन झाला तर तीन मीटरवर. म्हणजे मासा लागला त्या क्षणी दोरीचा कोन पाहून ठेवला की पुढच्या सगळ्या दोऱ्या त्याच खोलीला लावता येतात. लांब सोडलेली हलकी दोरी पाण्यात बाकदार होते, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. तिच्यासाठी माहीत असलेल्या खोलीच्या सपाट जागेवरून नाव न्यावी आणि आमिष तळाला घासते का ते पाहावे. कोणत्या गतीला तळ लागतो आणि कोणत्या गतीला सुटतो, हे एकदा टिपून ठेवले की ते आमिष कायमचे ओळखीचे होते.

या गणितावर तीन मुख्य रीती बसल्या आहेत.

पहिल्या रीतीत नावेच्या पुढच्या टोकाला तीन ते पाच मीटर लांबीच्या सहा-आठ काठ्या पंख्यासारख्या पसरून खोबणीत बसवतात. प्रत्येक दोरीला 15 ते 30 ग्रॅमचे शिसे आणि दोन गळ असतात, गळाला जिवंत बारीक मासा किंवा पिसांचे आमिष. नाव तासाला अर्धा-पाऊण किलोमीटरने पुढे सरकते आणि दोऱ्या जवळजवळ खड्या राहतात. दोऱ्या वेगवेगळ्या खोलीला लावतात, म्हणजे एकाच फेरीत पाण्याचे तीन-चार थर तपासून होतात. ज्या खोलीला मासा लागतो, तिथे हळूहळू बाकीच्या दोऱ्याही आणतात. थंड पाण्यात मासा सुस्त असतो आणि आमिषामागे धावत नाही. तेव्हा ही रीत उपयोगी. बुडालेल्या झाडांमधूनही ती चालते, कारण अडकण्यापूर्वी दोरी वर उचलता येते.

दुसऱ्या रीतीत नावेच्या मागे 20 ते 30 मीटर दोरी सोडतात आणि टोकाला एक ते साडेतीन ग्रॅमचे हलके आमिष बांधतात. नाव तासाला एक ते दोन किलोमीटरने चालते. नाव पुढे गेल्यावर पाणी शांत होते आणि मग बऱ्याच वेळाने आमिष त्या जागेवरून जाते. उथळ आणि निवळ पाण्यात, जिथे नावेची सावलीही माशाला बुजवते, तिथे ही रीत कामाची आहे. उघडे पाणी मात्र हवे. झाडाझुडपांत ती फसते.

तिसऱ्या रीतीत लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा ओढतात. त्याच्या तोंडाशी बसवलेली पट्टी पाण्याला आडवी येते, त्यामुळे तो ओढला की खाली डुबी मारतो आणि अंग हलवत पोहतो. गती तासाला अडीच ते तीन किलोमीटर. पाणी तापलेले असते, मासा चपळ असतो, तेव्हा उन्हाळ्यात ही रीत चालते. अशा खोट्या माशाचा एक प्रसिद्ध नमुना 1936 साली फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी हाताने कोरला. ते व्यवसायाने मच्छीमार होते. वल्ह्याच्या नावेतून दोऱ्या ओढताना त्यांनी पाहिले, की लहान माशांच्या थव्यातला जो एक मासा लंगडत पोहतो त्याच्यावरच मोठा मासा झडप घालतो. त्यांनी बुचाच्या सालीतून ती लंगडी चाल कोरून काढली आणि वर चॉकलेटचा चकचकीत कागद लावला. विजेवर चालणारी, आवाज न करणारी लहान मोटर त्याच दशकात अमेरिकेत आली आणि पुढे क्रॅपीच्या मासेमारीत घरोघर पोहोचली. पण रापालांचे काम दाखवते, की चालत्या गळाला मोटर लागतेच असे नाही. एकाने वल्हे मारावे आणि दुसऱ्याने दोरी धरावी, एवढ्यावर तो चालतो. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला नाव किंचित पुढे उसळते आणि मग मंदावते. त्या उसळीने आमिष वर येते, मंदावताना खाली बसते. पुष्कळदा मासा तोंड घालतो तो या खाली बसण्याच्या क्षणी.

हीच गोष्ट वळणावर अधिक स्पष्ट होते. कसलेला नावाडी सरळ रेषेत नाव चालवत नाही. तो नागमोडी जातो. नाव डावीकडे वळली की उजव्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या दोऱ्यांना जास्त अंतर कापावे लागते, त्यांची गती वाढते आणि शिशाची आमिषे वर येतात. डाव्या, आतल्या बाजूच्या दोऱ्या मंदावतात आणि आमिषे खाली उतरतात. खळ्यावर मेढीभोवती पात फिरते तेव्हा मेढीजवळचा बैल सावकाश पावले टाकतो आणि कडेच्या बैलाला पळावे लागते, तसाच हा प्रकार. वळणावर बाहेरच्या दोरीला मासा लागला तर गती थोडी वाढवावी किंवा आमिष वर घ्यावे. आतल्या दोरीला लागला तर गती कमी करावी. एकाच वळणात दोन गती आणि दोन खोल्या तपासून होतात. वळण हा माशाला विचारलेला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मासाच देतो. पुढची अर्धी सकाळ कशी जाणार ते या एका निरीक्षणावर ठरते.

मासा लागल्यानंतरचे कामही माशागणिक बदलते. क्रॅपीचे ओठ कागदासारखे पातळ असतात. काठीला हिसका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. म्हणून काठ्या लांब आणि लवचीक घेतात, हिसका देत नाहीत. नावेच्या चालीनेच गळ रुततो, मग दोरी ढिली पडू न देता, घाई न करता मासा जाळीत उचलून घेतात. त्याचे डोळे वरच्या अंगाला असल्याने तो आपल्या वरून जाणारे भक्ष्य सहज पाहतो, खालचे पाहत नाही. म्हणून आमिष थव्याच्या थोडे वरून जायला हवे, खालून गेलेले आमिष वाया जाते.

क्रॅपी आपल्या नद्या-धरणांतला मासा नाही, पण वरची विद्या इथल्या माशांना लावून पाहता येते. त्यासाठी आधी कोणता मासा कसा खातो हे ओळखावे लागते. रोहू आणि मृगळ यांना चालता गळ निरुपयोगी आहे. ते शेवाळ, कुजका पाला, तळाचा गाळ यांवर जगतात. त्यांना बसलेल्या गळावर कणकेचा गोळा लावावा. कटला वरच्या थरात तोंड उघडे ठेवून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यालाही पळत्या आमिषाचे आकर्षण नाही. चिलापी आकाराने आणि काटेरी पाठीने क्रॅपीची आठवण करून देते. ती 1952 साली परदेशातून भारतात आली आणि वर्षातून अनेकदा पिले काढत सगळीकडे पसरली. पण तीही मुख्यतः शेवाळावर जगते, तिला गांडूळ लावून भेंडाच्या तरंगत्या तुकड्याखाली धरतात. वाम तळातल्या दगडकपारीत राहते आणि रात्री बाहेर पडते; तिच्यासाठी रात्रभर पाण्यात ठेवलेली गळांची माळ बरी. मरळ उथळ, गवताळ पाण्यात दबा धरते आणि वर येऊन हवा घेते. तिच्यासाठी बेडकासारखे आमिष गवताच्या कडेला फेकून ओढावे लागते. तिचा जबडा हाडाचा, तिथे हिसका जोरातच द्यावा लागतो.

चालत्या गळाच्या खऱ्या कक्षेत येतो तो शिवडा. लांबट, बिनखवल्यांचा, रुंद जबड्याचा आणि बारीक दातांच्या ओळींचा हा मासा लहान माशांच्या थव्यामागे हिंडतो. संध्याकाळी आणि पहाटे तो खोल पात्रातून उथळ कडेवर चढतो. जुन्या नदीपात्राच्या कडेकडेने, तासाला दोन किलोमीटरच्या आत, चकचकीत पत्र्याचे पातळ आमिष किंवा खोटा मासा ओढावा. गळाच्या वर वीतभर बारीक तार बांधावी, नाहीतर दात तंगूस कापतात. मोठा शिंगटाही कधी कधी अशा आमिषाला तोंड घालतो. सह्याद्रीतल्या नद्यांत आणि तलावांत महसीर याच रीतीने लागतो; तो मात्र कमी झालेला मासा आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ त्याची पैदास गेली काही दशके चालू आहे. महसीर गळाला लागला तर तो परत पाण्यात सोडणे हाच धर्म.

गिरणेच्या पाण्याचे वर्षही समजून घ्यावे लागते. पावसाळ्यात पाणी गढूळ असते आणि चालता गळ डोळ्यांवर चालतो. माशाला आमिष दिसलेच नाही तर गतीचे सगळे गणित फुकट जाते. डोंगरी-तितूरला 31 ऑगस्ट 2021 रोजी आला तसा पूर आला की गाळ बसायला बराच अवधी लागतो. शिवाय हा माशांच्या विणीचा काळ. रोहू, कटला, मृगळ वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी घालतात. तेव्हा गळ आणि जाळे दोन्ही गुंडाळून ठेवावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाणी निवळते आणि गाळपेरीची बुडालेली शेते माशांनी भरतात. चालत्या गळाचा हा खरा हंगाम. पौषात थंडी वाढली की मासा खोल जातो आणि सुस्तावतो. तेव्हा खड्या दोरीची, अगदी सावकाश चालीची रीत धरावी. रब्बीची आवर्तने सुटू लागली की पातळी उतरते आणि मासा मूळ पात्राच्या दिशेने सरकतो. त्याच्याबरोबर नावेची वाटही सरकली पाहिजे. चैत्रापासून पहाटेचे दोन तास तेवढे हाताशी उरतात. दुपारी वारा उठतो. तो पाठीवर घेतला की नाव हाताबाहेर वेगात जाते, म्हणून तोंड वाऱ्याकडे करून चालावे, गती आपल्या ताब्यात राहते.

या पाण्यावर आधीपासून काही माणसांचा संसार चालतो, हे चालत्या गळाच्या प्रत्येक हौशी माणसाने पहिल्याने ध्यानात ठेवावे. मत्स्यव्यवसाय विभाग तलाव ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना देतो. पुष्कळ तलावांत संस्था स्वतःच्या पैशाने मत्स्यबोटुकली सोडतात आणि ती वाढेपर्यंत थांबतात. ही बोटुकली मुळात मिळते ती 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी यशस्वी केलेल्या प्रेरित प्रजननाच्या तंत्रामुळे. त्याच दिवशी देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. भोई आणि भिल्ल समाजातली माणसे संध्याकाळी होडीवर, थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून फासाजाळी लावतात आणि पहाटे काढतात. पाण्यावर ओळीने तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या दिसल्या की तिथे जाळे आहे असे समजून नाव दुरून न्यावी. ओढला जाणारा एक तीन टोकांचा गळ रात्रभराच्या मेहनतीचे जाळे फाडू शकतो. संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय दोरी पाण्यात सोडू नये आणि मासा विकण्यासाठी धरू नये.

पाण्याशी सर्वांत मोठा अन्याय करतात ते सुरुंगाची दारू आणि विष. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, 1960 नुसार दोन्हींना बंदी आहे. स्फोटाने डोहातली पिले, अंडी, झिंगे, किडे सगळे एकदम मरते आणि तो डोह पुढचे काही हंगाम ओस पडतो. चालता गळ त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तो एका वेळी एक मासा वर आणतो, जिवंत आणतो, आणि ठेवायचा की सोडायचा हे ठरवायला माणसाला सवड देतो. ती सवड वापरली पाहिजे. लहान मासा, अंड्यांनी पोट फुगलेली मादी, गरजेपेक्षा जास्तीचा मासा ओल्या हाताने धरून, गळ अलगद काढून परत सोडावा. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये. तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. नावेत प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे, मग पोहता येत असो वा नसो.

क्रॅपीच्या मासेमारीतून शिकायचे ते महागड्या काठ्या आणि यंत्रे नव्हेत. पाण्याचा थर ओळखावा, माशाची भूक ओळखावी आणि त्या दोहोंशी आपली चाल जुळवावी, एवढे शिकायचे. हे तिन्ही गिरणाकाठच्या जुन्या मच्छीमारांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून चाळीसगाव परिसरातल्या ज्या कुणाला चालता गळ धरायचा असेल, त्याने पहिला दिवस त्यांच्या होडीत बसून जाळे काढताना पाहण्यात घालवावा, त्यांना विचारावे, आणि मगच आपली दोरी पाण्यात सोडावी.